वर्नाच्या खुराड्याचं दार

तिन्हीसांजेला शेजारची वर्ना तिच्या परसात यायची आणि कोंबड्या खुराड्यात कोंडून कडी लावायची. नाहीतर रॅकून, ते मांजराएवढं चोरटं रानटी जनावर, रात्रीत सगळ्यांचा फडशा पाडतं. मी कुंपणावरून ओरडायचे, "काय गं, आज त्या रॅकून पाहुण्याला जेवायला बोलावलंस की नाही?"

"बोलावलंय गं! पण तुझ्या कचऱ्याच्या डब्यातलं खाऊन त्याचं पोट बिघडलंय!"

आम्हा दोघी म्हाताऱ्यांची दिवसभरातली भेट एवढीच.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला तिचा मुलगा कर्टिस शिकागोहून आला आणि उजाडलं की आपोआप उघडणारं आणि अंधार पडला की बंद होणारं दार खुराड्याला बसवून गेला. "आई, आता संध्याकाळी बर्फात पाय घालायचा नाही. घसरून पडलीस तर कोण बघणार?"

मोठा काळजीवाहू! आईला फोन करणारं यंत्र मात्र त्या शहाण्याला सापडलं नाही.

त्यानंतर संध्याकाळी मी खिडकीतूनच बघायचे. दार खाली सरकलं की मनात म्हणायचे, चला, वर्नाकडे सगळं ठीक आहे.

एका सकाळी पाणी संपलं म्हणून कोंबड्यांनी कालवा केला, तेव्हा मी तिच्या घरात शिरले. वर्ना स्वयंपाकघरात जमिनीवर पडली होती, गार. कर्टिस आला, रडला, म्हणाला, "निदान बर्फात तरी नाही पडली."

डॉक्टर म्हणाले, पडल्यानंतर ती दोन दिवस जिवंत होती.



त्या दोन्ही संध्याकाळी खुराड्याचं दार अगदी वेळेवर बंद झालं होतं.