नऊ नंबरसाठी टाळ्या

"पास दे, पास! अरे, आपल्या माणसाला दे, पंचाला काय देतोस!"

चष्मेवाले काका उठून ओरडले आणि त्यांच्या हातातले पॉपकॉर्न पुढच्या रांगेतल्या टकलावर सांडले. टक्कलवाल्याने मागे वळूनही पाहिलं नाही. इतकी वर्षं तो काकांच्याच पुढे बसत आला होता. नुसतं डोकं झटकून तो पुन्हा सामना बघू लागला.

"बसा खाली," काकू म्हणाल्या. "सरावाचा सामना आहे."

"म्हणूनच तर! हंगाम सुरू व्हायच्या आधीच ही तऱ्हा, तर पुढे काय दिवे लावणार? मागच्या वर्षी तळाला होतो. या वर्षी तळ खणून खाली जाणार आपण."

सामन्याचा निकाल कुठे धरला जाणार नव्हता, हे खरं. पण बास्केटबॉलच्या या संघात एकच जागा भरायची राहिली होती. ती नऊ नंबरला द्यायची की चौदा नंबरला, हे कोच आजच ठरवणार होता. उरेल त्याने उद्या सामान बांधायचं. पेपरात तसं छापूनच आलं होतं.

नऊ नंबर सुरुवातीपासून खेळत होता, म्हणजे मैदानावर होता. पाय एकीकडे, चेंडू भलतीकडे. त्याने फेकलेला चेंडू रिंगच्या आसपास फिरकायलासुद्धा तयार नव्हता. चौदा नंबर बाकाच्या टोकाला बसून होता. त्याला अजून कुणी हाक मारली नव्हती.

काकांच्या डावीकडे एक अनोळखी बाई होत्या. पर्स मांडीवर घट्ट धरलेली. ना टाळी, ना आरोळी. काकांना असा शेजार म्हणजे पर्वणीच.

"हा नऊ नंबर बघितलात? माझ्या चष्म्याच्या दुकानात एक आजोबा येतात, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ते याच्यापेक्षा बरा नेम धरतील."

बाईंनी पर्सचा बंद बोटाला गुंडाळला.

"त्यापेक्षा तो चौदा नंबर परवडला. निदान बसल्या जागी चुका तरी करत नाही."

बाई पहिल्यांदाच हसल्या आणि लगेच ओठ चावून गप्प झाल्या.

"याला सरळ घरी पाठवायला हवं," काका म्हणाले.

"पाठवतील का हो?" बाई एकदम त्यांच्याकडे वळल्या.

"नाही पाठवलं, तर मी स्वतः गाडीत बसवून देतो!"

तेवढ्यात नऊ नंबरला फ्री थ्रो मिळाला. बाईंनी डोळे मिटून घेतले. ओठ पुटपुटत होते. चेंडू रिंगला घासून बाहेर पडला, तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि भलामोठा श्वास सोडला.

काकूंनी नवऱ्याला चिमटा काढला. "अहो, जगाला चष्मे देता, आणि शेजारचं दिसत नाही? आई आहे ती कुणाची तरी. पर्स बघा कशी आवळून धरलीय."

काकांनी पाहिलं. चेंडू नऊ नंबरच्या हातात गेला की बाई काठीसारख्या ताठ व्हायच्या. काकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाई... तुम्ही आई का हो?"

"हो. पण मी..."

"काही बोलू नका! माझ्या जिभेला हाडच नाही. मुलगा गुणी आहे हो तुमचा."

"गुणी आहेच," बाईंचे डोळे भरून आले. "रोज पहाटे उठून धावतो. गुडघा सुजला तरी कधी सांगितलं नाही. पण अहो, तो..."

"घाबरलाय एवढंच. आता बघा तुम्ही."

"जरा त्यांना बोलू तरी द्या," काकू म्हणाल्या. पण काका बाकड्यावर चढले होते.

कारण खाली कोचने हात केला होता. चौदा नंबर जाकीट काढून रेषेपाशी येऊन उभा राहिला होता. बाई अर्धवट उठल्या. त्यांचा हात छातीवर गेला होता.

"काढतायत पोराला बाहेर!" काकांनी दोन्ही हात वर केले. "नऊ! नऊ! नऊ!"

आता मात्र टक्कलवाला वळला. "अहो, आत्ता तर त्याचा उद्धार करत होतात!"

"कारणं विचारू नकोस, ओरड!"

काकांच्या आवाजावर त्या बाजूचा अख्खा स्टँड उठायचा, तसा उठला. पायांनी फळ्या दणाणल्या. बाईंनी काकांची बाही धरून ओढली. "अहो, थांबा! ऐका तरी माझं!"

"आता थांबायचं नाही, बाई! नऊ! नऊ!"

कोचने स्टँडकडे पाहिलं. मग नऊ नंबरकडे. चौदा नंबरला त्याने बोटानेच परत बसायला सांगितलं.

आणि नऊ नंबरच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. एक बास्केट केली. मग समोरच्याच्या हातातून चेंडू हिसकावून दुसरी. तिसरी तर इतक्या लांबून, की पंचसुद्धा तोंडातली शिट्टी वाजवायचं विसरला. बाई ओंजळीत तोंड लपवून हुंदके देत होत्या. काकांनाही चष्मा काढून पुसावा लागला.

"तुमच्या ओरडण्याचा कुणाला तरी उपयोग झाला म्हणायचा," काकू म्हणाल्या आणि त्यांनीही डोळ्यांना रुमाल लावला.

सामना संघ हरलाच. पण ते कुणाच्या ध्यानातही नव्हतं. लाउडस्पीकरवरून जाहीर झालं, शेवटची जागा नऊ नंबरला. काकांनी रांगेतले गुडघे बाजूला सारून वाट करून दिली.

"जा बाई, पोराला जवळ घ्या! ए, सरका रे, आई आहे ती!"

लोकांनी टाळ्या वाजवत वाट दिली. बाई खाली मान घालून पायऱ्या उतरल्या. मैदानात नऊ नंबर फोटोवाल्यांच्या गराड्यात घामाघूम होऊन हसत होता. बाई त्या गराड्याला वळसा घालून पुढे गेल्या. बाकाच्या टोकाला चौदा नंबर एकटाच बुटांच्या नाड्या सोडत होता. त्यांनी त्याच्या केसांवरून हात फिरवला.

"चल, आई," तो म्हणाला. "घरी जाऊ."