हिरवी पट्टी

उजवं फुप्फुस काढून तीन दिवस झाले होते आणि चौगुल्यांच्या छातीवर चिकटवलेली बोलकी यंत्रपट्टी हिरवीगार होती. उरलेल्या एका फुप्फुसाचा श्वास ती ऐकत होती आणि अख्खा वॉर्ड तिचं ऐकत होता. स्टेथोस्कोप हल्ली कुणी बाळगतही नसे.

"सिस्टर, दम लागतोय," चौगुले कसेबसे म्हणाले.

"काका, पट्टी हिरवी आहे ना? मग घाबरू नका," सिस्टर हसून म्हणाली.

पण श्वास अर्ध्यावरच अडकत होता आणि अंगाला दरदरून घाम फुटला होता. पट्टी हिरवी का, हे फक्त त्यांनाच ठाऊक होतं. भरतीच्या दिवशी पट्टीने बिडीबद्दल विचारलं, तेव्हा त्यांची लेक शलाका शेजारीच उभी होती. दहा वर्षांपूर्वी तिच्याच डोक्यावर हात ठेवून त्यांनी बिडी सोडायची शपथ घेतली होती. "तेव्हापासून शिवलो नाही," असं पट्टीला सांगून ते मोकळे झाले होते. आता बिडी न ओढणाऱ्या माणसाची ही धाप म्हणजे नुसती भीती, असंच पट्टी धरून चालली होती.

शलाका त्यांचा घाम पुसत होती. त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"शले, ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत ओढत होतो गं."

सिस्टरचं हसू मावळलं. तिने घाईघाईने पट्टीतलं उत्तर बदललं. पट्टी क्षणात लालभडक झाली, घंटा वाजली, माणसं धावत आली.

तोंडावर मास्क चढत असताना चौगुल्यांनी लेकीकडे पाहिलं. तिचा हात नकळत स्वतःच्या डोक्यावर गेला होता.