शेवटचं नाव

माझ्या लेकीचं, मोनालीचं, लग्न झालं त्या साली लेकानं, प्रीतमनं, बदनापूरच्या एका दवाखान्याला पेशंटचे नंबर लावायचा प्रोग्रॅम लिहून दिला. त्याच्या आईच्या छातीत कळ आली, तेव्हा आम्ही तिथंच गेलो. पडद्यावर तिचं नाव सगळ्यांच्या शेवटी आलं.

"पुढं घ्या!" मी ओरडलो.

"प्रोग्रॅम घेत न्हाई, काका," काउंटरवरची पोरगी म्हणाली.

मी प्रीतमला फोन लावला.

"दादा, नवं नाव शेवटीच जातं. पायथॉनमध्ये अपेंड, जावास्क्रिप्टमध्ये पुश..."

"कम्प्युटरच्या एवढ्या भाषा शिकलास, अन् मरणाऱ्याला पुढं घालायला एकीत बी शब्द न्हाई?"

"सगळ्यांत हाये. डॉक्टरांनी मागितला न्हाई, म्हणून लिहिला न्हाई."

"मंग आता तुझी माय मागून राह्यली!"

प्रीतमची आई बेबीनंदा बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी, नंबर पुकारायच्या आधी, बाकावरच वारली.