तळाशी पांढरी भुकटी

पोहण्याच्या तलावाच्या पाण्याचे वर्षभराचे अहवाल निर्दोष होते, तरी तिथली सात मुलं दवाखान्यात होती आणि आठवं आज सकाळी दगावलं. प्रयोगशाळेतल्या बाईंचं डोकं चालेना. त्या तडक तलावावर, तिथल्या रखवालदार काकांकडे गेल्या.

“पाण्याचा नमुना तुम्हीच भरता ना, काका?”

“दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. तुमच्या बाटल्यांच्या तळाशी पांढरी भुकटी असते. आधी ती खळखळून धुतो, मगच पाणी भरतो.”

ती भुकटी बाई स्वतःच्या हाताने घालत. ती नसली, की नमुन्यातलं क्लोरीन वाटेतच जंतू मारतं आणि घाण पाणीही तपासणीत स्वच्छ ठरतं.

“मला एकदा तरी विचारायचं होतंत, काका.”

“कामाच्या रगाड्यात बाटल्या धुवायच्या राहत असतील तुमच्या,” काका हळूच म्हणाले. “म्हणून कुणाला बोललो नाही.”