पाटीवरचा 'न'

भागीरथीने ओचा भरून मोहरीचा कोवळा पाला खुडला होता. मी धावत जाऊन तिचा हात धरला. "टाक ती भाजी! शिसं आहे त्यात."

"अहो अक्का, पाटी तुम्हीच लावलीत ना?" माझी ही धाकटी जाऊ म्हणाली. "'भाजी खाऊ ये'!"

पाहते तर 'नये'मधला 'न' लिहायचा राहिलेला. साठीत अक्षरं शिकलेल्या माझ्या हाताने सगळ्या वाडीला आवतण दिलं होतं. दोघी हसत बांधावर बसलो. मग मी ठसठशीत 'न' मध्ये घुसवला.

शेजारच्या कारखान्यात जुन्या बॅटऱ्या वितळवायचे, त्यांचं शिसं आमच्या मातीत मुरलं होतं. मोहरी ते मुळांनी ओढून पानांत साठवते. म्हणून कृषी कॉलेजच्या बाई त्या वर्षापासून दरवर्षी ती पेरायला लावत आणि पोत्यांत बांधून घेऊन जात. इतकी हिरवीगार भाजी, पण आमच्या ताटात घासभरही नाही.

यंदा माती तपासून बाई म्हणाल्या, "मावशी, आता मेथी पेरा. खुशाल खा."

मेथी वर आली तशी मी रॉकेलचा बोळा घेऊन पाटीपाशी गेले.

"आता काय लिहिताय?" भागीरथीने विचारलं.

मी फक्त 'न' पुसला. तिने वाचलं आणि ओचा पसरला.