बंद न होणारं पाणी

"यांनी मोटर लपवलीय कुठेतरी," नळवाले म्हणाले.

बागेच्या मधोमध काळ्या खडकाच्या कपारीतून पाणी बाहेर येत होतं. मांडीएवढी जाड धार, पण आवाज जेमतेम. खालच्या कुंडात उतरून ते दगडी पाटाने झाडांखाली निघून जाई. कुंड इतकं नितळ की तळाची वाळू भातासारखी रटरटताना दिसत होती. लोक काठाशी येत, "अहाहा" म्हणत आणि गप्प होत. नळवाले तेवढे गप्प बसायला तयार नव्हते. गळके नळ दुरुस्त करण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला पाणी आपलं आपण वर येतं हे पटणार कसं?

"अहो, बसा ना जरा," बायको म्हणाली.

तिने चपला काढून पाय पाटात सोडले होते आणि शेजारच्या दगडावर पर्स ठेवून त्यांची जागा धरली होती. शहरातून सकाळी निघालेली बस दुपारी परत निघायची होती. तोवर नवऱ्याने आपल्याशेजारी नुसतं बसावं, एवढंच तिला हवं होतं. घरी ते कधी जमलंच नाही. कुणाचं बेसिन तुंबायचं, कुणाची टाकी वाहायची आणि नळवाले हातातला घास ताटात ठेवून उठायचे. सगळी कॉलनी त्यांना देवमाणूस म्हणे. तिला त्या कॉलनीचा हेवा वाटे.

"आलोच," म्हणून नळवाले निघाले.

त्यांनी झुडपं बाजूला सारून पाहिली. एका जोडप्याला उठवून बाकाखाली डोकावले. खडकाला कान लावून ते बराच वेळ उभे राहिले, तेव्हा मात्र बायकोने तोंड फिरवलं. एका बाईने येऊन विचारलं, "इथे कुणी बसलंय का?"

"बसणार आहेत," ती म्हणाली. आवाजात फारसा दम नव्हता.

तिकडे नळवाल्यांनी माळ्याला गाठलं होतं.

"भाऊ, पंप कुठे बसवलाय?"

"पंप कसला काका, झरा आहे तो."

"ते झालं. पण संध्याकाळी बंद कुठून करता?"

माळी हातातली कात्री खाली ठेवून हसला. "आम्ही फाटक बंद करतो. पाण्याला कोण बंद करणार?"

नळवाले परत आले ते सावकाश. पर्स उचलून त्यांनी तिच्या हातात दिली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बसले. पाय पाण्यात जाताच त्यांनी "आई गं!" केलं. तिला हसू फुटलं.

"सांधा म्हणून नाही कुठे," ते म्हणाले. "वॉशर नाही, कॉक नाही, देखभाल नाही. काय चोख काम आहे बघ!"

इतकं कौतुक त्यांनी स्वतःच्या कामाचंही कधी केलं नव्हतं. बोललं तर ते उठतील अशी तिला धास्ती वाटत होती. पाटातलं पाणी दोघांच्या घोट्यांना वळसा घालून पुढे जात राहिलं. तिला फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. कुणीतरी पिण्याच्या नळावर बाटली भरून तो अर्धवट उघडाच टाकून गेलं होतं. पाणी फरशीवर बदाबदा पडत होतं. वळून न बघताच तिला ते कळलं. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढा कान तिलाही आला होता. संपलं, आता हे उठणार, म्हणून तिने पर्स पुन्हा दगडावर ठेवायला घेतली.

नळवाले हलले नाहीत. ते तळाच्या वाळूकडे बघत होते.

पाणी पडतच होतं. शेवटी तिलाच राहवेना.

"ऐकू येतंय ना?"

"येतंय की."

"मग? वाया चाललंय ते. थांबा, मीच बंद करून येते," म्हणत तिने पाय वर घेतले.

त्यांनी तिचं मनगट धरलं. "बस गं. करेल दुसरं कुणीतरी."