गोठ्याचा राखणदार

"मी येणार नाही," फेझिलेकाका म्हणाला आणि ताटातल्या मक्याच्या कण्यांत चमचा रोवला. "तुझा बाप असता तर तोही गेला नसता."

"बाप असता तर तुझ्या पाया कशाला पडलो असतो, काका?" लुव्हो म्हणाला.

नोझुकोकाकीला हसू आलं. नवऱ्याचं तोंड बघून ती चहाकडे वळली.

लुव्हो दक्षिण आफ्रिकेतल्या मदांत्सानेत टॅक्सी चालवायचा. त्याला झोलेकाशी लग्न करायचं होतं. झोलेका जन्मली तेव्हा सुईण म्हणाली होती, मुलगा झाला. सुईण चुकली हे घरच्यांना पटवता पटवता पोरीची शाळा संपली. आता तिच्या बापाचं म्हणणं एवढंच होतं, की बोलणी करायला मुलाकडचा मोठा माणूस यावा आणि आपल्या मनाने यावा. ओढून आणलेला नको. मोठा माणूस म्हणजे फेझिलेकाका. तो नाही तर लग्न नाही.

त्यात लुव्होने गाढवपणा केला. दोघांचा फोटो फेसबुकवर गावच्या गटात टाकला आणि खाली लिहिलं, 'हिचा हात मागायला जातोय, काकाला घेऊन.'

संध्याकाळपर्यंत तिथे जत्रा भरली. एक म्हणाला, मग हा गे. दुसरा म्हणाला, छे, बाय, म्हणजे दोन्हीकडचा. एका मास्तरणीने तो स्ट्रेटच कसा हे समजावलं, तर तिला दोन पाद्री भिडले. लुव्होला कोणीच काही विचारलं नाही.

त्या गर्दीत एक जण होता 'गोठ्याचा राखणदार'. नाव नाही, गाव नाही, बैलाचं चित्र. त्याने थेट काकाला धरलं.

'फेझिले, पोराने तुझं नाव घेतलंय. तू गप्प का? लाज वाटते की भीती?'

काकाने चष्मा चढवला. काकाला 'बस' म्हटलं की तो उभा राहतो, हे गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं.

'तुला काय करायचंय?' त्याने एका बोटाने लिहिलं.

तेवढ्यात कोपऱ्यावरचा मेकॅनिक मध्ये घुसला. 'मी तर असलीबरोबर कधी फिरणार नाही. माझी आवड आहे, त्यात वाईट काय?'

'बोल फेझिले,' राखणदार म्हणाला. 'याला उत्तर आहे तुझ्याकडे?'

'आवड तुझी, तुझ्यापाशी ठेव,' काकाने मेकॅनिकला लिहिलं. 'पोरगी तुझ्या दारात आली होती का? कोणी मागितलं नसताना नकार कसला वाटत फिरतोस?'

गटात हशा पिकला. काकाला ते आवडलं. त्याने आणखी एक चहा मागितला.

'मग तुझा पुतण्या कोण? गे, बाय, काय ते लेबल सांग,' राखणदार चिकटलाच.

'लेबल बीन्सच्या डब्याला असतं. हा टॅक्सी चालवतो.'

पुढे रोज हेच. बाकीचे झोलेकाला नाही नाही ते बोलत. राखणदार तिच्याबद्दल अवाक्षर काढत नव्हता, पण काकाला सोडत नव्हता.

"ब्लॉक कर ना त्याला," लुव्हो म्हणाला.

"म्हणजे तो म्हणणार, फेझिले पळाला. तू गप बस."

लुव्होने झोलेकाला फोन लावला. "कोण गं हा राखणदार?"

"असेल कोणी रिकामटेकडा. तू वाचतोस कशाला?"

"तुझे बाबा वाचत नाहीत ना हे सगळं?"

"बाबा? ते चष्मा लावून फक्त कोण मेलं ते वाचतात."

एका दुपारी राखणदाराने वर्मावर बोट ठेवलं. 'नातवंडं कुठून आणणार, फेझिले? अशी सून काय कामाची?'

काकाने चष्मा काढून पुसला. काकीने त्याच्या खांद्यावरून वाचलं आणि धुतलेले कप पुन्हा धुवायला घेतले.

मग काकाने लिहिलं, आणि या वेळी सावकाश लिहिलं. 'माझ्या नोझुकोला मूल झालं नाही. भाऊ म्हणाले, परत पाठव. मी नाही पाठवली. ती बाई म्हणून कुठे कमी पडली ते माझ्यासमोर येऊन सांग. ती मला चालते, तर पोराची बायकोही चालेल.'

राखणदार गप्प झाला तो झालाच.

"पळालं बेणं," काका म्हणाला. जरा वेळाने म्हणाला, "शनिवारी टॅक्सी धुऊन ठेव. आणि तू सांगितलंस म्हणून येत नाहीये मी."

काकीने त्याची टोपी काढून झटकली.

शनिवारी काका आणि शेजारचे दोघे झ्वेलित्शात झोलेकाच्या फाटकाबाहेर उभे राहिले. नवरदेवाने बोलणीत बसायचं नसतं, म्हणून लुव्हो टॅक्सीतच होता.

"राडेबे आलेत," काकाने कुळाचं नाव घेऊन हाक दिली. "चांगली सोयरीक मागायला आलेत."

आतून उत्तर नाही. थोडं ताटकळत ठेवायची रीतच आहे, पण ऊन डोक्यावर आलं तरी कडी वाजेना. खिडकीत झोलेकाचा बाप दिसत होता. चष्मा नाकावर, मान खाली.

"बघतसुद्धा नाही आपल्याकडे," एक शेजारी म्हणाला. "चला फेझिले, यांच्या मनात नाही."

"तुला जायचं तर जा. मी इथून हलणार नाही."

लुव्होने स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

काकाच्या खिशात फोन वाजला. त्याने काढून बघितला तर बैलाचं चित्र. "मुहूर्त बघूनच आला हा," तो म्हणाला आणि उन्हात अक्षर दिसेना म्हणून फोन टॅक्सीच्या काचेतून आत दिला. "वाच रे, काय भुंकतोय ते."

लुव्होने वाचलं.

'व्याही, टोपी सरळ करा आणि आत या. पुढच्या खेपेला नोझुकोबाईंना नक्की आणा.'